धुराडं आहे, तरी चुलीचा धूर घरातच का येतोय? (सोलापूर)

कडक_भाकरी | १४ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं सोलापुरात घरूनच कडक भाकरीचं काम आहे. सासूबाईंनी सुरू केलेलं, आता मी आणि चार बायका मिळून बघतो. रोजच्या चारशेच्या आसपास भाकरी होतात, आषाढीच्या तोंडावर आणखी. जुन्या घरी मागच्या अंगणात पत्र्याखाली चुली होत्या. तिन्ही बाजू मोकळ्या, त्यामुळे धूर जातो कुठं हा प्रश्नच कधी पडला नाही. गेल्या दिवाळीत जुळे सोलापुरात रो-हाऊसमध्ये आलो आणि मागे १० बाय १२ ची खोली खास भाकरीसाठी बांधून घेतली. ओळीनं तीन चुली, तिघींच्या मागून धुराला एकच बोगदा, तो ४ इंची पत्र्याच्या पाईपला जोडलाय. पाईप भिंतीतून बाहेर काढून गच्चीपर्यंत नेला. खिडकी स्लायडिंगची, भिंतीत वर १२ इंची एक्झॉस्ट. गवंडी म्हणाला होता, "वहिनी, आता धुराचं नाव काढायचं नाही."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खरंच नाव काढलं नाही. मार्चपासून थोडं थोडं सुरू झालं. आता जूनमध्ये तर धूर पाईपात जायचं सोडून चुलीच्या तोंडातूनच बाहेर येतो. आणि गंमत म्हणजे एक्झॉस्ट लावला की वाढतो! धूर ओढायला पंखा बसवला आणि तो चुलीतलाच धूर ओढून खोलीत आणतोय. पाईप उतरवून झाडून घेतला, दोन दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. जळण बाभळीचं आणि तुराट्यांचं. भाकरीला धुरकट वास लागतोय अशी तक्रार एका जुन्या गिऱ्हाईकानं केली, तेव्हा सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण जेवल्या नाहीत.

कोणी चुलीतलं जाणकार आहे का?

---

गड्ड्याचा_पाळणा | १४ जून, रात्री १०:४१

ताई, गॅसची मोठी भट्टी घ्या की ओ. कशाला धुरात जीव जाळायलाय.

---

कडक_भाकरी | १४ जून, रात्री १०:५५

घेऊन बघितली. गॅसवर भाकरी होते, कडक होत नाही म्हणजे आम्हाला हवी तशी होत नाही. भाजून झाली की चुलीच्या कडेला आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभी करून ती सावकाश वाळवावी लागते. गॅसवर एक तर मऊ राहते, नाही तर डाग पडतात. आणि दिवसभर तीन बर्नर चालवायचं बिल वेगळं.

---

वास्तुविसंगत | १५ जून, सकाळी ८:०५

मी सिव्हिलवाला, सोलापूरचाच. तुमचा पंखा बिघडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतोय. एवढंच की खोलीतून बाहेर टाकलेल्या हवेची भरपाई कुठून तरी व्हावी लागते. दार बंद, स्लायडिंग बंद, मग उरलं भोक कुठलं? धुराड्याचं. पंखा गच्चीवरची हवा पाईपातून खाली ओढतोय आणि ती येताना चुलीतला धूर घेऊन येतेय.

काही गोष्टी सांगा म्हणजे नीट बोलता येईल:
दार उघडं ठेवलं की काय होतं? पाईपला बाक किती? पाईपचं टोक गच्चीच्या कठड्याच्या वर आहे का? जानेवारी ते मार्चमध्ये आजूबाजूला काही बदललं का? तिन्ही चुली एकदम पेटवता की एखादीच?

---

कडक_भाकरी | १५ जून, दुपारी ३:३०

दार उघडलं की बरंच कमी होतं. पण मागच्या बोळात धूळ फार, पीठ मळायचं असतं, म्हणून बंद ठेवतो.
बाक दोन, दोन्ही काटकोनात. मधे तीनेक फूट पाईप आडवा आहे.
टोक कठड्याच्या जेमतेम हातभर वर.
बदललं म्हणजे, पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी एप्रिलमध्ये वरचा मजला चढवला. त्यांची भिंत आमच्या पाईपपासून पाच-सहा फुटांवर आहे. त्याचा काय संबंध असेल?
सकाळी एकच चूल पेटवतो, दहानंतर तिन्ही.

एक सांगायचं राहिलं. हल्ली दुपारी सगळ्यांचंच डोकं जड होतं. काल एकीला मळमळलं. उन्हाचं असेल म्हणून ताक प्यायला दिलं.

---

सिस्टर_रात्रपाळी | १५ जून, दुपारी ३:५२

बाकी चर्चा नंतर करा. चूल चालू असलेल्या बंद खोलीत सगळ्यांचंच एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की उतरतंय, तर ते ऊन नाही असं धरून चाला. जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरतात ते धुरानं, पण हा वायू धूर दिसेनासा झाल्यावर नुसत्या निखाऱ्यांतूनही येत राहतो. म्हणून "आता धूर नाही, दार लावून घ्या" हे सगळ्यात वाईट.

उद्यापासून दार सताड उघडं. धूळ आली तर येऊ दे, परातीवर कापड टाका. कोणाला गरगरलं, उलटी झाली, गुंगी आली तर आधी मोकळ्यावर आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. तिथं चुलीपाशी बसल्या होत्या हे आवर्जून सांगा, नाही तर पित्तावरचं औषध घेऊन परत याल. गरोदर बाई कामाला असेल तर तिला त्या खोलीत बसवूच नका.

---

कडक_भाकरी | १५ जून, संध्याकाळी ६:१०

वाचून हातपाय गार पडले. दार उघडलंय, पंखा बंद केलाय. जिला मळमळलं तिला मोकळ्या अंगणात खाटेवर बसवलं, अर्ध्या तासात बरं वाटलं. तरी उद्या डॉक्टरांकडे नेते.

---

बर्फातला_सोलापूरकर | १६ जून, पहाटे ४:१५

मी मूळ शेळगीचा, सध्या मुक्काम मिनियापोलिस. इथे आमच्या घरात बैठकीच्या खोलीत फायरप्लेस आहे, म्हणजे भिंतीतली उघड्या तोंडाची चूल, फक्त शेकायला. पहिल्या हिवाळ्यात आमची अगदी हीच फजिती झाली होती. पाहुणे आलेले, शेकोटी पेटवली, बायकोनं स्वयंपाकघरात फोडणी टाकून ओट्यावरचा पंखा चालू केला आणि दोन मिनिटांत बैठकीत धूर. अलार्म बोंबलतोय, बाहेर उणे १८, आणि आम्ही खिडक्या उघडतोय.

इथली नवी घरं थंडीसाठी डबाबंद केलेली असतात. स्वयंपाकघराचा पंखा, न्हाणीघराचा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळे घरातली हवा बाहेर फेकतात आणि शेकोटीला हवा उरत नाही. म्हणून नव्या फायरप्लेसला बाहेरून स्वतंत्र हवेची नळी जोडलेली असते. आमची जुनी, तिला ती नव्हती. पेटवताना जवळची खिडकी दोन बोटं उघडायची, एवढ्यावर काम भागलं.

दुसरा इथला ठोकताळा आकाराचा. उघड्या फायरप्लेसच्या तोंडाचं जे क्षेत्रफळ, त्याच्या निदान एक दशांश धुराड्याचं पाहिजे. आणि उंचीचा नियम असा: धुराडं छपरातून जिथं बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, शिवाय १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही २ फूट वर. शेजाऱ्यांच्या मजल्याचा संबंध इथे येतो. जूनमध्ये सोलापुरात वारा पश्चिमेचा. तो त्या उंच भिंतीवरून उडी मारून पलीकडे भोवरा करत खाली उतरतो, आणि नेमकं तिथंच तुमच्या पाईपचं तोंड आहे.

खोलीला हवा किती लागते हे काढायची एक जुनी युक्ती सांगतो. बेंजामिन फ्रँकलिन, तोच विजेचा पतंगवाला, त्यानं १७८५ मध्ये धुरकट धुराड्यांवर मोठा लेख लिहिला होता. धूर उलटण्याच्या कारणांत त्यानं पहिलंच कारण दिलंय ते नव्या घट्ट घरांत हवा न मिळण्याचं. त्याची रीत: जाळ नीट लागू द्या, मग दार हळूहळू लोटत आणा. धूर खोलीत यायला लागला की थांबा आणि यायचा बंद होईपर्यंत दार किंचित उघडा. जी फट राहिली ती मोजा. फटीची रुंदी गुणिले दाराची उंची, तेवढं भोक तुमच्या खोलीला हवंय. त्याच्या उदाहरणात अर्धा इंच फट आणि आठ फुटी दार, म्हणजे ४८ चौरस इंच, म्हणजेच सहा बाय आठचा झरोका.

---

बार्शीलाईट | १६ जून, सकाळी ९:३०

हे फ्रँकलिनसाहेब आमच्या आजीला भेटले असते तर वादावादी झाली असती. आमचं घर धाब्याचं. चुलीच्या बरोबर वर धाब्याला साणं ठेवलेलं, म्हणजे उजेडाला आणि धुराला एक भोक. पावसाला सुरुवात झाली की वर चढून त्यावर घमेलं पालथं घालायचं, हे आम्हा पोरांचं काम. धूर वरून जायचा कारण दाराखालून मांजर जाईल एवढी फट होती. आता दाराला खाली रबराची पट्टी, खिडकीला काच, भिंतीला टाइल. धुराला बाहेर जायची वाट ठेवली, हवेला आत यायची वाट ठेवायला मात्र आपण सगळेच विसरलो.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात निर्धूर चुली बसवल्या होत्या. छान चालायच्या. पाईप झाडायचा असतो हे मात्र कोणाच्या गावी नव्हतं. दोन वर्षांत पाईप काजळीनं गच्च झाला, मग पाईप काढून लोकांनी त्यावर दोडक्याचा वेल चढवला.

---

वास्तुविसंगत | १६ जून, सकाळी ११:१५

बर्फातले सोलापूरकर, मस्त. आता आकडे घालतो.

चुलीच्या एका तोंडाचं माप साधारण ९ बाय ८ इंच धरलं तर तीन तोंडांचं २१६ चौरस इंच. त्याचा दशांश २१-२२. ४ इंची गोल पाईप देतो जेमतेम साडेबारा. म्हणून एक चूल असताना निभतं आणि तिन्ही पेटल्या की तुंबतं. ६ इंची पाईप २८ चौरस इंच देतो, आताच्या सव्वादोन पट. (चूल म्हणजे फायरप्लेस नव्हे, वर तवा बसलेला असतो, त्यामुळे हा नियम तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते.)

आता ओढ. धुराडं ओढतं म्हणजे आतली गरम हवा हलकी, बाहेरची जड, या फरकावर सगळा खेळ. १२ फुटी धुराडं, आत धूर सरासरी १४० अंश, बाहेर जानेवारीची पहाट १५ अंश: ओढ होते १३ पास्कलच्या आसपास. तीच मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना येते १० वर. दहा पास्कल म्हणजे किती? पाण्याची पातळी एक मिलिमीटर हलवेल एवढा दाब! एवढ्याशा बळावर तुमचा सगळा धूर वर चढतो. त्याच्यापुढे १२ इंची पंखा म्हणजे पैलवान, आणि भिंतीवरून उतरणारा वारासुद्धा. हिवाळ्यात सगळं ठीक का वाटलं याचं उत्तर यात आहे. दोष तेव्हाही होते, थंडीनं झाकले होते.

आणि हवा. एक किलो सुक्या लाकडाला नुसतं पूर्ण जळायला सहा किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे पाच घनमीटर. उघडी चूल त्याच्या कितीतरी जास्त ओढते, तिप्पट धरा. तासाला चार किलो जळण म्हणजे साठ घनमीटर. तुमची खोली सगळी मिळून ३४ घनमीटर. अर्ध्या-पाऊण तासात अख्खी खोली धुराड्यातून वर जायला पाहिजे. आणि दार बंद!

---

पुणेरी_तवा | १६ जून, दुपारी १:०२

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पंखा उलटा बसवावा. बाहेरची हवा आत फेकेल, धूर आपोआप वर जाईल. साधं लॉजिक.

---

कडक_भाकरी | १७ जून, रात्री ९:१०

पुणेरी तवा, केला हो उलटा! इलेक्ट्रिशियन घरातलाच, माझा दीर. धूर खरंच वर गेला. सोबत परातीतलं पीठ, चुलीतली राख आणि सासूबाईंचा संयम पण गेला. जाळ एका बाजूला वाकून तव्याच्या कडेनं बाहेर यायला लागला. एकीच्या पदराजवळ आला तेव्हा पंखा बंद केला आणि विषय संपवला.

दाराची परीक्षा मात्र केली, पंखा बंद ठेवून. तिन्ही चुली पेटवल्या, नणंद दार लोटतेय, मी उदबत्ती घेऊन चुलीच्या तोंडाशी. उदबत्तीचा धूर आत वळतोय तोवर ठीक, बाहेर वळला की थांब. फट आली एक इंच. दार साडेसहा फुटी, म्हणजे ७८ चौरस इंच. बरोबर ना?

डॉक्टरांनी त्या बाईला तपासलं, आता ठीक आहे. दार उघडल्यापासून कोणाचंच डोकं दुखलं नाही. हे लिहिताना लाज वाटतेय की एवढे दिवस मी ताक पाजत बसले.

---

वास्तुविसंगत | १७ जून, रात्री १०:२५

बरोबर. ७८ म्हणजे नऊ बाय नऊचं भोक. पण डासांची जाळी लावाल, तिच्या तारा जागा खातात आणि पिठानं ती बुजतेही, म्हणून नऊ बाय बाराचं पाडा. कुठं पाडायचं ते महत्त्वाचं: चुलींच्या जवळ, जमिनीपासून वीतभर वर, बोळाच्या नाही, अंगणाच्या बाजूला. हवा थेट चुलीकडे जाईल, बायकांच्या पाठीवरून वाऱ्याचा झोत जाणार नाही. आणि त्याला झडप लावू नका. झडप असली की कोणीतरी ती बंद करतंच.

---

अक्कलकोट_रोड | १८ जून, सकाळी ७:४०

माझं काम टॉवेल कारखान्यांच्या बॉयलरचे पाईप बनवायचं. इंजिनिअरसाहेब बोलले ते बरोबर, त्यात माझी भर घ्या.

तो तीन फूट आडवा पाईप पहिला काढून टाका. आडव्यात धूर झोपतो आणि काजळी बसते. भिंतीतून काढायचाच असेल तर ४५ अंशांचे बाक घ्या. बाहेर उभ्या पाईपच्या तळाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून खाली टोपण ठेवा, महिन्यातून एकदा टोपण काढलं की काजळी पडते, पाईप उतरवायची गरज नाही. पाईप बाहेरून उघडा आहे म्हणजे धूर वर जाईतोवर गार होतो. गार झाला की ओढ मेली. त्यावर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) गुंडाळून पत्र्याचं आवरण करा, आम्ही बॉयलरला करतो तसंच. सिमेंटचा पाईप कोणी सुचवला तर नको म्हणा, तापून तडकतो.

जळण ओलं आहे का? बाभळीचं खोड वरून सुकलेलं दिसतं, फोडलं की आत ओल असते. पाईप झाडला तेव्हा काजळी भुकटी निघाली का डांबरासारखी चिकट? चिकट असेल तर जळण ओलं. ते डांबर पेट घेतं, मग पाईप लालभडक होतो. मी बघितलंय.

एकच चूल पेटवता तेव्हा बाकी दोन चुलींची तोंडं आणि वरची भोकं झाकता का?

---

कडक_भाकरी | १८ जून, दुपारी २:२०

काजळी चिकट होती. आणि नाही, झाकत नाही. झाकायची असतात?

---

अक्कलकोट_रोड | १८ जून, दुपारी २:४४

तिघींचा बोगदा एक ना? मग रिकाम्या दोन चुलींतून पाईप खोलीतली गार हवा ओढतो. जाळाच्या चुलीच्या वाट्याला ओढ उरतेच किती? वर जुने तवे पालथे घाला, तोंडाला पत्रा लावा. फुकटचं काम आहे, आजच करा. बाकीचं नंतर.

---

गड्ड्याचा_पाळणा | १८ जून, दुपारी ३:००

काय बे हे, चुलीवर पीएचडी व्हायला लागली की. वाचालोय, थांबू नका.

---

बर्फातला_सोलापूरकर | १९ जून, पहाटे ५:००

सकाळची पहिली चूल पेटवताना धूर येतो ती वेगळी गोष्ट. रात्रभर गार पडलेल्या पाईपात जड हवेचा बोळा बसलेला असतो. इथे आम्ही कागदाची सुरळी पेटवून धुराड्याच्या गळ्याशी धरतो, मिनिटभरात बोळा उठतो आणि घुमल्यासारखा बारीक आवाज येतो. तुम्ही मागच्या टोपणातून पेटता कागद घाला, मग चूल पेटवा. सुरुवातीला तुराट्यांचा भडक जाळ, बाभूळ नंतर. आपल्या आया हेच करायच्या, आपण बघितलं नाही.

---

मिसेस_चिवट | १९ जून, सकाळी १०:१२

अवांतर: ज्वारी कुठली वापरता? मंगळवेढ्याची मालदांडी का?

---

कडक_भाकरी | १९ जून, सकाळी १०:४०

हो, मालदांडीच. दुसऱ्या पिठाला एवढा पातळ पापुद्रा येत नाही, थापताना कडा फाटतात. महाग पडते, पण मंगळवेढ्याची सोडून दुसरी आणली तर सासूबाई गोणीला हातसुद्धा लावत नाहीत.

---

कडक_भाकरी | २ ऑगस्ट, रात्री ९:३५

आषाढीच्या गडबडीत इकडे यायला जमलं नाही, माफ करा. काय काय झालं ते सांगते.

तवे पालथे घातले त्याच दिवशी सकाळच्या चुलीचा धूर अर्ध्यावर आला. खर्च शून्य. नऊ बाय बाराचं भोक अंगणाच्या बाजूला पाडलं, पहिल्या रात्री त्यातून घूस आली, मग आतून जाड तारेची जाळी लावली. एक्झॉस्ट आता चुली पूर्ण विझल्यावर, दार उघडून, दहा मिनिटंच.

पाईप ६ इंची केला, ४५ चे बाक, तळाला टी आणि टोपण, बाहेरून रॉकवूल. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरनं दोन दिवसांत करून दिला. उंचीचं मात्र नियमाप्रमाणे जमलं नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीच्या वर न्यायचा तर आणखी बारा फूट हवे होते, वाऱ्यात तो टिकला नसता. सहा फूट वाढवून तिन्ही बाजूंनी तारा ताणल्या आणि वर वाऱ्याला आडवी टोपी बसवली. जळण फोडून गच्चीवर झाकून ठेवतोय, या पावसाळ्यापुरतं सुकं विकत घेतलं.

आता रोजचा दिवस स्वच्छ जातो. पश्चिमेचा वारा जोरात सुटला की मधल्या चुलीतून अजूनही एखादा भपका येतो. कडेच्या दोघींतून नाही, मधलीतूनच. का, ते मला समजलं नाही. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला: वाऱ्याच्या दिवशी मधली पेटवायचीच नाही, तिच्यात दोन्हीकडचा आहार ओढायचा आणि भाकरी वाळवायला उभ्या करायच्या. दार आणि भोक उघडं असतं, सिस्टरताई, काळजी नको.

---

अक्कलकोट_रोड | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

मधली बोगद्याला सरळ मिळते, कडेच्या वळून मिळतात. वरून दाब आला की तो सरळ वाटेनं मधलीत उतरतो. तिच्या मागं बोगद्याच्या तोंडाशी अर्धी वीट आडवी ठेवून बघा. एकदम पूर्ण आडवी नको, थोडी थोडी सरकवा.

---

कडक_भाकरी | ५ ऑगस्ट, रात्री ८:५०

ठेवली. दोन दिवस वारा पडलाय, त्यामुळे सांगता येत नाही. शेजारच्या वहिनींनी मात्र आज विचारलं, त्यांच्या वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींना भाकरीचा वास कसा काय येतो म्हणून.

---

गड्ड्याचा_पाळणा | ५ ऑगस्ट, रात्री ९:०५

त्यांना रोज चार भाकरी आणि शेंगाचटणी पाठवा की ओ, वासाचं कौतुक करायला लागतील.

---

मिसेस_चिवट | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

ताई, पुण्याला पाठवता का? पन्नास हव्यात.

---

कडक_भाकरी | ५ ऑगस्ट, रात्री ९:२२

पाठवते. वाटेत थोड्या मोडतात, चुरा वाया जाऊ देऊ नका, रश्श्यात चालतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.